मथुरेची खुर्ची

हौसा वहाळाच्या उरल्यासुरल्या डबक्यावर धुणं आपटत होती. पलीकडून एक छत्री येताना दिसली. छत्रीखाली काळी टोपी, टोपीखाली बंद गळ्याचा कोट आणि वैशाखाच्या उन्हात पायांत बूट. हौसाने हातातला पिळा तसाच दगडावर टाकला आणि पाखाडीच्या पायऱ्या दोन-दोन चढत ती वाडीत आली.

“चिमे, अगो चिमे! तुझा फंडवाला आला गो! बूट घातलेला हाय!”

चिमा पोरीला पाजत होती. दहा महिन्यांची सखू, नुकते दोन दात आलेले. मधेच सोडवल्याबरोबर तिने असा काही भोंगा लावला की शेजारची गोदा न बोलावताच धावत आली.

“कुठवर आलाय?” चिमाने पदर सारखा करत विचारलं.

“साकवापाशी. बूट हायत म्हणून फळी चाचपत येतोय. पण येतोय.”

एवढं पुरे होतं. रत्नागिरीजवळच्या मिरजोळ्याच्या पलीकडे कातळ उतरून गेलं की ही अकरा घरांची वाडी लागे. अकरा घरांत मिळून खुर्ची एक. मथुराकाकूच्या घोवाने मुंबईच्या गोदीत मोडीत निघालेल्या बोटीवरून ती आणली होती. कपबशांचा संच एकच, तो हौसाचा. तिचा भाऊ मुंबईला इराण्याच्या हॉटेलात होता. तांब्याचा मोठा हंडा गोदाचा. मोत्यांची नथ पुन्हा मथुराकाकूची. मुलगी बघायला कुणी आलं, देवी टोचणारा डॉक्टर आला, की ज्याच्या घरी पाहुणा त्याच्या घरी ह्या वस्तू मागच्या दाराने आत येत आणि पाहुणा गेला की मागच्याच दाराने परत जात. ह्याला कुणी उसनं आणणं म्हणत नसे. पाहुणा एका घराचा नव्हता, वाडीचा होता. मग खुर्चीही वाडीचीच.

पाहुणा शेवटची पायरी चढून धापा टाकत खळ्यात उभा राहिला, तेव्हा ओटीवर खुर्ची होती, हंडा लखलखत होता आणि चिमाच्या नाकात नथ होती. नथ जरा घाईत अडकवलेली, म्हणून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, एवढंच.

“भागोजी काशीराम... नव्हे, काशीरामाचा धाकटा भाऊ भागोजी, त्याचं घर हेच का?”

“हेच. बसा. भावजी तलाठ्याकडं गेलेत, कागद आणायला. येतील एवढ्यात.”

भागोजी एवढ्यात येणार नव्हता. तलाठ्याने त्याला सकाळपासून चावडीच्या पडवीत बसवून ठेवलं होतं, आणि बसल्याबसल्या त्याच्याकडून दोन भारे लाकडं फोडून घेतली होती. पण ते चिमाला त्या वेळी ठाऊक नव्हतं.

भागोजी तिचा दीर. ती बारा वर्षांची लग्न होऊन ह्या घरात आली तेव्हा तो सहा वर्षांचा, नाकाला शेंबूड आणि हातात पाटी. सासू पुढल्याच वर्षी गेली. तेव्हापासून त्याच्या डोक्याला तेल चिमाने लावलं, तापात पाण्याच्या घड्या चिमाने ठेवल्या, आणि रत्नागिरीच्या शाळेत तो रोज कातळ तुडवत जाऊ लागला तेव्हा अंधारातच उठून भाकरी बांधून दिली तीही चिमाने. शाळेत त्याला नादारी होती, म्हणजे गरिबाची फी माफ. ह्या वर्षी तो मॅट्रिक झाला. वाडीतला पहिला. पण पुढचं कॉलेज कोल्हापूरला. तिथे फी, आणि खानावळ. रत्नागिरीतल्या काही मोठ्या लोकांनी शेतकऱ्यांच्या मुलांसाठी एक फंड काढला होता. त्याच्याकडे भागोजीने अर्ज केला होता, आणि फंडाने कळवलं होतं की आमचे गृहस्थ ह्या आठवड्यात घरी येऊन जातील.

ते हे गृहस्थ. भास्करराव मास्तर. पेन्शनीत निघालेले, फंडाचं लिहिणं-सवरणं सांभाळणारे. माणूस वाईट नव्हता. त्यांनी खुर्चीत बसून घाम पुसला, मांडीवर छापील कागद पसरला आणि शाईच्या पेनाचं टोपण काढलं.

“घरात कमावतं कोण?”

“थोरले मुंबईला हायत. गिरणीत.”

गिरणीचं दार शिमग्यापासून बंद होतं आणि थोरले दादरला कुणाच्या तरी जिन्याखाली झोपत होते, हे ती बोलली नाही. घोवाचं उणं परक्यासमोर काढायचं नाही, हे तिला तिच्या आईने शिकवलं होतं. आईला तिच्या आईने.

“खायला-प्यायला काही अडचण?”

दारात आलेल्या माणसाने असं विचारलं तर त्याला उत्तर एकच असतं. “देवाच्या दयेने सगळं हाय.”

फणसाचे गरे आले. गोदाने आंबे चिरून आणले. हौसाच्या कपातून चहा आला. मास्तरांनी सगळं पोटभर खाल्लं, वर घरी नातवंडं आहेत म्हणाले, म्हणून चिमाने आणखी दोन आंबे त्यांच्या रुमालात बांधून दिले. “नेटका संसार आहे हो,” असं कौतुकाने म्हणत ते पाखाडी उतरून गेले.

तिन्हीसांजेला भागोजी आला तेव्हा खुर्ची अजून परत गेली नव्हती. मथुराकाकू स्वतःच तिच्यात बसून उरलेला चहा पीत होती.

भागोजीने खुर्चीकडे पाहिलं. मग वहिनीच्या नाकाकडे.

“ते येऊन गेले?”

“गेले की! खूश होऊन गेले. तुमी नव्हतात, पण मी काय कमी पडू दिलं नाय.”

तो पायरीवर बसला. हाताला लाकडं फोडून फोड आले होते, ते बघत राहिला.

“वयनी, तो पावना नव्हता. आपण गरीब हाव का नाय, ते बगायला आला होता.”

“मंग तसं इचारायचं!”

“इचारलं असणार.”

चिमाच्या हातातली वात तशीच राहिली. विचारलं होतं खरं. पण असं कुणी विचारतं? घरी आलेल्याने, खुर्चीत बसून, तुमच्या घरी काय काय नाही ते सांगा?

मग भागोजीने तिला सगळं समजावून सांगितलं. पूर्वीच सांगायला हवं होतं. पण आपण घरी असूच, असं तो धरून चालला होता. फंडाच्या जागा दहा, अर्ज चाळीस. शाळेच्या हेडमास्तरांचा दाखला, परीक्षेचे मार्क, तलाठ्याचा उत्पन्नाचा दाखला, हे तीन कागद आपण द्यायचे. चौथा कागद त्यांचा माणूस लिहितो, घरची स्थिती समक्ष पाहून. आणि तीन कागदांवर चौथा भारी.

“म्हंजे,” चिमा म्हणाली, “तलाठ्याच्या शिक्क्यापरीस मथुराकाकूची खुर्ची खरी?”

“हां. तसंच.”

मथुराकाकू खुर्चीतून हळूच उठली.

आठ दिवसांनी पत्र आलं. भागोजीने ते आधी मनात वाचलं आणि घडी करून खिशात घातलं. चिमाने हात पुढे केला.

“मोठ्याने वाचा. मला वाचता येत नाय, पण ऐकता येतंय.”

त्याने वाचलं. अर्जदाराच्या घरी समक्ष चौकशी केली असता घर सुखवस्तू आढळले. ओटीवर खुर्ची, तांब्याचा हंडा, चिनी मातीचे कप. घरातील स्त्रीच्या नाकात मोत्यांची नथ. थोरला भाऊ मुंबईस गिरणीत मिळवता. सबब, खऱ्या गरजूंवर अन्याय होऊ नये म्हणून अर्ज नामंजूर.

“आंबे खाल्ले ते लिवलंय?”

“लिहिलंय. ‘हापूस आंब्यांचा मुबलक पाहुणचार.’”

“आणि दोन रुमालात बांधून नेले ते?”

“ते नाय.”

चिमा हसली नाही. पोरीला कडेवर घेऊन ती मागच्या पडवीत गेली आणि तिथे कुळथाच्या सुपापाशी नुसती उभी राहिली. आधी तिला स्वतःचाच राग आला होता. आठ दिवस येत होता. दिराचं कॉलेज आपल्या जिभेने बुडालं, असंच ती धरून बसली होती. पण तो कागद ऐकल्यावर राग फिरला. खाल्ल्या घरचे वासे मोजणं म्हणतात, ते हेच. हा माणूस आपल्या ओटीवर बसला, आपण त्याला दिलं ते त्याने खाल्लं, आणि खाता खाता त्याचे डोळे हंड्यावर होते.

“रविवारी त्यांची बैठक असते ना?” ती आत येऊन म्हणाली.

“वयनी, नको. तिथं तमाशा होईल.”

“तमाशा त्यांनी केलाय, भावजी. आमी नुसत्या बगायला जाणार.”

रविवारी उन्हं तापायच्या आत चौघीजणी निघाल्या. मथुराकाकूच्या डोक्यावर खुर्ची, पाय वर करून उलटी. गोदाच्या कमरेवर हंडा. हौसाच्या टोपलीत भाताच्या पेंढ्यात कपबशा. चिमाच्या कडेवर सखू आणि पदराच्या गाठीत नथ. भागोजी वीस पावलं मागून, खाली मान घालून येत होता. मिरजोळ्याच्या तिठ्यावर एक गाडीवान ओरडला, “काय गो मथुराकाकू, वरात का बिऱ्हाड?”

“तुझ्या बापाचं श्राद्ध!” काकू मान न हलवता म्हणाली. “खुर्ची मांडून जेवायचंय त्याला.”

फंडाची बैठक अध्यक्षांच्याच घरी भरे. अध्यक्ष राजाभाऊ वकील. मिरजोळ्याकडे त्यांची मोठी बाग होती आणि गोदा हंगामात तिथेच पेट्या भरायला जायची. ओसरीवर लोडांना टेकून पाच-सहा मंडळी बसली होती. एका कडेला भास्करराव मास्तर, पुढ्यात कागदांचा गठ्ठा. बायका खळ्यात येऊन उभ्या राहिल्या.

“काय ग बायांनो,” राजाभाऊ म्हणाले, “बाजार उठवून आणलात की काय?”

“नाय भाऊसाहेब,” चिमा म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदा कापला, मग सखूला दुसऱ्या कडेवर घेतल्यावर ठीक झाला. “तुमच्या माणसाने आमच्या घरातल्या वस्तू लिवून आणल्यात. त्या ज्याच्या त्याला देऊन टाकायच्या म्हणून आणल्या. मास्तर, कागद काढा. वाचा एकेक.”

मास्तरांनी राजाभाऊंकडे पाहिलं. राजाभाऊंना गंमत वाटली असावी. “वाचा हो.”

“खुर्ची,” मास्तरांनी वाचलं.

“माजी,” मथुराकाकू म्हणाली.

“तांब्याचा हंडा.”

“माजा,” गोदा म्हणाली, आणि तो तिने असा काही जमिनीवर ठेवला की घुमला.

“चिनी मातीचे कप.”

“माजे. सहा कप, पाच बशा. एक बशी फुटकी हाय, ती तुमाला दिली नव्हती,” हौसा म्हणाली.

“नथ.”

चिमाने पदराची गाठ सोडली आणि नथ मथुराकाकूच्या तळहातावर ठेवली.

मास्तरांनी पुढची ओळ वाचली नाही. गोदानेच आठवण करून दिली. “आंबे ऱ्हायले की!”

“हापूस आंबे...”

“ते ह्या भाऊसाहेबांच्या बागेतले. डागी. चार दिवसांची मजुरी म्हणून ह्यांनी पदरात घातले. तवा म्हणाले, ने गो, पेटीत चालत नायत, गुरांनाबी घालवत नायत. कागदावर चढले आणि हापूस झाले!”

लोडाला टेकलेल्यांपैकी एकाला खोकला आला. राजाभाऊंचा चेहरा बदलला.

“म्हणजे तुम्ही फंडाची फसवणूक केलीत,” ते म्हणाले. “खोटा देखावा मांडलात. आता उलट आमच्यावरच चढता?”

“फसवणूक?” चिमाचा चेहरा लालबुंद झाला. “भाऊसाहेब, तुमच्या घरी पावना आला तर चांगलं ताट काढता का फुटकं? तुमी चांगलं काढलं की ते घरंदाजपण, आणि आमी काढलं की देखावा? आमच्याकडं येताना सांगायचं तरी, मी पावना नाय, झडती घ्यायला आलोय. मी भुईवर बसवलं असतं, पाणीसुद्धा इचारलं नसतं. मास्तर, तुमी कागदावर लिवलंत, समक्ष पाहून. ओटीच्या आत पाऊल तरी टाकलंत? चूल बगितलीत? कणगीत हात घातलात?”

मास्तर खाली बघत होते. “नाही,” ते म्हणाले. “आत गेलो नाही. ऊन फार होतं.”

“ऊन!” मथुराकाकू म्हणाली. “हा पोर त्या उन्हात सहा वर्सं शाळेत आलाय. अनवाणी.” आणि तिने खळ्याच्या मधोमध खुर्ची सरळ केली आणि त्या सगळ्या मंडळींसमोर ती खुर्चीत बसली. “बसा म्हणून तर कुणी म्हणत नाय. बरं झालं, माजी मी आणली.”

राजाभाऊ काहीतरी बोलणार होते. पण त्यांच्या आधी मास्तर उठून उभे राहिले. “चौकशी माझी होती. चूक माझी आहे. फेरचौकशी व्हावी असं मी लिहून देतो.”

लिहून दिल्यावर नाही म्हणणं राजाभाऊंना जड गेलं. बुधवारी फेरचौकशी ठरली. कॉलेज त्याच्या पुढल्या आठवड्यात सुरू होणार होतं.

बुधवारी सकाळी वाडीत नवाच खल सुरू झाला.

“फाटकं लुगडं नेस,” हौसा म्हणाली. “माजं देतंय. ठिगळावर ठिगळ हाय.”

“पोरीच्या अंगातलं झबलं काढ,” गोदा म्हणाली. “नागडं पोर बगून भल्याभल्यांना पाझर फुटतो.”

चिमाने सखूकडे पाहिलं. भागोजीच्या जुन्या सदऱ्याचं झबलं होतं ते, रात्रीचा दिवा लावून शिवलेलं, गळ्याला लाल दोऱ्याची नक्षी घातलेलं. सखू ती नक्षी चोखत होती.

“मागल्या वेळी श्रीमंती उसनी आणली,” चिमा म्हणाली, “आता गरिबीबी उसनी आणू? आमची काय थोडी हाय?” आणि ती मथुराकाकूकडे वळली. “काकू, खुर्ची दे.”

“वयनी!” भागोजी जवळजवळ ओरडलाच. “ह्या खुर्चीपायीच तर...”

“तो पायऱ्या चढून येणार. म्हातारा हाय. त्याला उभा ठेवून तुमचं कॉलेज व्हायचं असेल, तर भावजी, ते कॉलेज मला नको. तुमाला हवं असेल तर सांगा, मी खुर्ची ठेवत नाय.”

भागोजी उठला. मग स्वतःच जाऊन खुर्ची उचलून आणली.

मास्तर आले. खुर्ची बघून थबकले.

“बसा,” चिमा म्हणाली. “ही मथुराकाकूची. चहा हौसाच्या कपातला, आणि दूध गोदाच्या गायीचं. घाम सुकला की आत चला.”

मास्तर फार वेळ बसले नाहीत. बूट काढले, वाकून आत आले. ह्या वेळी त्यांनी चूल बघितली. तिच्यावरची पेज बघितली, ढवळली तरी शितं वर येईनात अशी. चिमाने कणगीचं झाकण काढलं आणि त्यांनी खरंच आत हात घातला. तो कोपरापर्यंत गेला तेव्हा तळाचे दाणे लागले. मुंबईहून आलेलं शेवटचं पत्र भागोजीने वाचून दाखवलं. जिना, बंद गिरणी, ‘भागूचं शिक्षण सोडू नका’. ऐकताना चिमा पोरीच्या केसांतून हात फिरवत राहिली.

मास्तरांनी तिथेच, चुलीपुढे पाटावर बसून लिहिलं. लिहून झाल्यावर उठू लागले.

“वाचा,” चिमा म्हणाली.

त्यांनी वाचलं. कणगी, पेज, बंद गिरणी, परत गेलेल्या वस्तू, सगळं होतं. शेवटी होतं: ‘कुटुंब अत्यंत दीन व दयनीय असून कृपेस पात्र आहे.’

“ते शेवटचं खोडा.”

“बाई, तेच तर कामाचं आहे,” मास्तर कळवळून म्हणाले. “वरचं कुणी वाचत नाही. ह्या दोन शब्दांवर पैसे सुटतात. मी जाणतो ना त्यांना.”

चुलीत लाकूड तडतडलं. चिमाच्या मनात आलं, दोन शब्द. दोन शब्दांनी कुणाचं काय जातं? कोल्हापूरच्या कॉलेजात कोण विचारणार आहे? तिने दिराकडे पाहिलं. गेल्या वेळी आपण त्याच्या वाटचं बोललो. ह्या वेळी त्याचं त्याने बोलावं.

भागोजी दाराच्या चौकटीला धरून उभा होता. त्याची मूठ चौकटीवर आवळली गेली.

“आमी दीन नाय, मास्तर,” तो म्हणाला. “आमच्याकडं पैसे नायत. तेवढंच लिहा.”

मास्तरांनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं. मग ओळ खोडली आणि तिच्या जागी लिहिलं, ते आपणहून वाचून दाखवलं: ‘पैसे नाहीत. मुलगा हुशार आहे. फंड ह्यासाठीच आहे.’

शनिवारी पत्र आलं. फी पूर्ण मंजूर, खानावळीचे पैसे निम्मे. बाकीच्या निम्म्याचं काय, ते पत्रात नव्हतं. ते अकरा घरांनी त्याच संध्याकाळी ठरवलं. दर महिन्याला घाटावर जाणाऱ्या मोटारीने तांदूळ जायचे, आणि कोल्हापूरची खानावळवाली तांदूळ घेते असं हौसाच्या भावाने कुणाकडून तरी काढलं होतं. ट्रंक मथुराकाकूची. तीही बोटीवरची.

पत्राच्या खाली आणखी एक ओळ होती. भागोजी ती वाचायचं टाळत होता, पण चिमाने कागदाच्या लांबीवरून ओळखलं की अजून काही उरलं आहे.

“दिवाळीत फंडाचा वाढदिवस असतो,” त्याने वाचलं. “‘तरी लाभ मिळालेल्या विद्यार्थ्यांनी देणगीदार मंडळींसमोर उभे राहून आपल्या घरच्या स्थितीचे कथन करावे व ऋण व्यक्त करावे.’”

चिमा त्याच्या ट्रंकेत भाकऱ्या बांधून ठेवत होती. सखू ट्रंकेच्या कडेला धरून पहिल्यांदाच उभी राहिली होती आणि स्वतःवरच खूश होऊन हसत होती. चिमाने तिला पडू नये म्हणून एका हाताने धरलं, दुसऱ्या हाताने गाठ आवळली.

“जावा की,” ती म्हणाली. “सांगा घरचं. काय लपवू नका, काय वाढवू नका. पण भावजी, आधी बसायला खुर्ची मागा.”